छंदातले प्रोजेक्ट आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

एम.टेक. किंवा पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांच्या हातात एक भांडवल आधीपासून असतं: छंद म्हणून केलेले इलेक्ट्रॉनिक्सचे दोन-चार प्रोजेक्ट. आर्डुइनो किंवा ईएसपी३२, एखादा सेन्सर, थोडा कोड, आणि ते सगळं कसं केलं हे सांगणारा फोटोंसकट लेख. कुणी दुसऱ्याचा लेख वाचून प्रोजेक्ट केलेला असतो, कुणी स्वतः करून वर लेखही लिहिलेला असतो. मग मुलाखत जवळ आली की प्रश्न पडतो, ‘हे संशोधनात धरतात का?’

‘धरतात’ किंवा ‘धरत नाहीत’ असं एका शब्दात उत्तर देऊन उपयोग नाही. त्याऐवजी आज या लेखनप्रकाराचीच समीक्षा करू. कथा-कवितेची करतो तशीच: काय जमलंय, काय निसटलंय, आणि का. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे लेख ‘कसं केलं?’ या प्रश्नाचं उत्तर फार छान देतात. ‘कशावरून?’ हा प्रश्न मात्र ते क्वचितच स्वतःला विचारतात. आणि संशोधनात तुमची गाठ पहिल्या दिवसापासून दुसऱ्या प्रश्नाशी पडणार आहे.

आधी जमेची बाजू

चांगला प्रोजेक्ट-लेख उघडा. वर सामानाची यादी असते: बोर्ड कोणता, सेन्सरचा नंबर काय, रेझिस्टर किती ओहमचा. ही यादी घेऊन तुम्ही पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर तासाभरात पिशवी भरून परत येता. मग जोडणीचं चित्र. लाल वायर पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी सात नंबरच्या पिनला. मग पूर्ण कोड, त्यातल्या दोन ओळी काढलेल्या नाहीत, ‘बाकीचं वाचकांनी करावं’ असं म्हटलेलं नाही. खाली एखादी सूचना: ‘दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका.’

ही सूचना वरवर किरकोळ वाटते, पण ज्यानं ती लिहिली त्यानं स्वतः संध्याकाळ घालवून ती कमावलेली असते. वाचणाऱ्याची संध्याकाळ वाचावी म्हणून ती तिथे आहे. असा उदारपणा शोधनिबंधात सहसा दिसत नाही. निबंधाच्या ‘पद्धती’ विभागात ‘सिग्नल योग्य प्रकारे फिल्टर केला’ एवढं लिहून लेखक मोकळा होतो आणि ‘योग्य’ म्हणजे काय हे शोधताना पुढच्या विद्यार्थ्याचे महिने जातात. तेव्हा ‘छंदवाल्यांचं लेखन उथळ’ असं कुणी म्हटलं तर लगेच मान डोलावू नका. दुसऱ्याला तीच गोष्ट पुन्हा करता यावी, ही विज्ञानाची जुनी अट हे लेख निष्ठेनं पाळतात.

अडचण पुढे आहे. दुसऱ्यानं तीच गोष्ट पुन्हा केली, तर चूकही तितक्याच निष्ठेनं पुन्हा होते.

लपलेला स्थिरांक

एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर तुम्ही वापरला असेलच. ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंदांचा पल्स द्यायचा, मग सेन्सर ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडतो, आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ एको पिनवर मिळतो. कोडमध्ये एक ओळ असते: वेळ गुणिले ०.०३४ भागिले २. आलं अंतर सेंटीमीटरमध्ये.

हा ०.०३४ कुठून आला? तो आवाजाचा वेग आहे, दर मायक्रोसेकंदाला ०.०३४ सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला ३४० मीटर. पण हवेतला आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो. ढोबळ सूत्र असं: ३३१.३ अधिक (०.६०६ गुणिले अंश सेल्सिअसमधलं तापमान). ३४० हा वेग येतो साधारण १४ अंशांना. म्हणजे ती ओळ लिहिणाऱ्यानं नकळत एक हवामान गृहीत धरलं, आणि ते नागपूरच्या मे महिन्यातलं नक्कीच नाही.

आता हिशोब करून बघू. सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, २ मीटर खोल, झाकणाला आतून हा सेन्सर लावलेला. टाकी रिकामी आहे. टाकीतली हवा ४५ अंशांची धरली तर वेग सुमारे ३५८.६ मीटर. आवाजाला जाऊन-येऊन ४ मीटर कापायला साधारण ११,१५४ मायक्रोसेकंद लागतील. ते ०.०३४ नं गुणून निम्मं करा: १८९.६ सेंटीमीटर. टाकीत थेंब नाही, पण स्क्रीन सांगतो की तळापासून दहा सेंटीमीटर पाणी आहे. हिवाळ्यातल्या पहाटे, १२ अंशांना, तीच रिकामी टाकी २००.८ दाखवते. टाकी तीच, सेन्सर तोच, कोड तोच, आणि दोन आकड्यांत अकरा सेंटीमीटरचा फरक.

यात मला चुकीपेक्षा जास्त खटकतं ते लेखातलं वाक्य: ‘अचूक पाणीपातळी दाखवणारा प्रोजेक्ट.’ आणि स्क्रीनच्या फोटोत दशांश चिन्हानंतर दोन आकडे. दशांशानंतरचे आकडे हासुद्धा एक दावा असतो. १८९.६२ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, लेखकाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत खात्री आहे. ती खात्री कुणी तपासली? टाकीत मोजपट्टी सोडून एकदा तरी पाहिलं का? उपाय अवघड नाही. एक तापमानाचा सेन्सर जोडा आणि वेग त्यावरून काढा, किंवा ‘हे आकडे अमुक तापमानाला घेतले, मोजपट्टीशी ताडले, फरक इतका आला’ अशी एक ओळ लिहा. दुसरा पर्याय फुकट आहे.

नावाची फसवणूक

दुसरा नमुना जास्त गंभीर आहे. ‘हवेची गुणवत्ता मोजा’ या मथळ्याखाली येणारा एमक्यू-१३५ सेन्सर. त्याच्या आत टिन डायॉक्साइडचा थर असतो, तो हीटरनं तापवतात, आणि आजूबाजूला काही वायू आले की त्या थराचा विद्युत-विरोध बदलतो. अमोनिया, अल्कोहोलची वाफ, बेंझीन, धूर, अशा बऱ्याच गोष्टींना तो प्रतिसाद देतो. नेमका कशाला देतोय हे तो सांगू शकत नाही. तापमान आणि आर्द्रता बदलली तरी त्याचं रीडिंग हलतं.

लेखात काय होतं बघा. आर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनवरून ० ते १०२३ मधला आकडा वाचतात. तो कधी जसाच्या तसा ‘पीपीएम’ म्हणून छापतात, कधी त्यालाच ‘एक्यूआय’ म्हणतात. मग उदबत्ती किंवा सॅनिटायझर जवळ नेतात, आकडा उडी मारतो, बझर वाजतो, व्हिडिओ संपतो.

आता भारतातला राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक कसा काढतात ते आठवा. त्यात आठ प्रदूषक आहेत: पीएम१०, पीएम२.५, नायट्रोजन डायॉक्साइड, सल्फर डायॉक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सगळ्यात मोठा तो निर्देशांक. किमान तीन प्रदूषकांची माहिती लागते आणि त्यात पीएम१० किंवा पीएम२.५ यांपैकी एक असावंच लागतं. एमक्यू-१३५ धूलिकण मोजतच नाही. म्हणजे तो सेन्सर कितीही नीट कॅलिब्रेट केला तरी त्यावरून एक्यूआय निघू शकत नाही. इथे दोष कोडचा नाही, वायरिंगचाही नाही. एक गोष्ट मोजली आणि नाव दुसऱ्या गोष्टीचं दिलं, हा दोष आहे.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा दोष नीट ओळखून ठेवावा, कारण तो सेन्सरपुरता नाही. परीक्षेतले मार्क मोजायचे आणि त्याला ‘आकलन’ म्हणायचं, अ‍ॅप किती वेळ उघडं होतं ते मोजायचं आणि त्याला ‘आवड’ म्हणायचं, हे तेच आहे. मोजलेली वस्तू आणि तिला दिलेलं नाव यांच्यामध्ये एक पूल लागतो. तो पूल बांधण्यात संशोधनाचा बराचसा वेळ जातो. उदबत्तीचा व्हिडिओ त्या पुलाच्या जागी चालत नाही. तो एवढंच दाखवतो की सेन्सर जिवंत आहे.

टक्के कशाचे?

‘अहो, छंद आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?’ हा आक्षेप मला मान्य आहे, एका हद्दीपर्यंत. दिवाळीच्या आकाशकंदिलात रंग बदलणारे एलईडी लावणाऱ्याला कुणी ‘कशावरून?’ विचारू नये. दिवे लागले, पोरं खूश झाली, प्रोजेक्ट यशस्वी.

हद्द कुठे ओलांडली जाते? जिथे प्रोजेक्टचा आकडा बघून दुसरं कुणी निर्णय घेणार असतं तिथे. आपल्याकडे याचं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे ‘स्मार्ट शेती’. दोन दात्यांचा, मातीत खुपसायचा ओलाव्याचा सेन्सर, त्याला रिले, रिलेला पंप. ओलावा ३० टक्क्यांखाली गेला की पंप सुरू.

तीस टक्के कशाचे? लेखात बघाल तर सेन्सर हवेत धरल्यावर जो आकडा आला त्याला शून्य टक्के म्हटलेलं असतं, पाण्याच्या ग्लासात बुडवल्यावर जो आला त्याला शंभर, आणि मधलं सगळं सरळ रेषेत वाटून दिलेलं. मातीचा यात कुठे संबंधच आलेला नाही. हा सेन्सर खरं तर दोन दात्यांमधली विद्युतवाहकता बघतो. क्षारपड जमिनीत क्षारांमुळे वाहकता जास्त, त्यामुळे माती कोरडी असूनही तो ‘ओली’ म्हणेल आणि पंप सुरूच होणार नाही. काळी माती सुकताना आकसते, भेगा पडतात, दात्यांचा मातीशी संपर्क सुटतो, आणि तो ‘ठणठणीत कोरडी’ म्हणेल. शिवाय सतत डीसी व्होल्टेज दिलं की विद्युत-अपघटनानं एका दात्यावरचा धातू खाल्ला जातो. तेव्हा काही आठवड्यांनी येणारा आकडा पहिल्या दिवसाशी ताडून बघण्यातही अर्थ उरत नाही.

यावरचा कस जुना आणि साधा आहे. मातीचा नमुना घ्या, वजन करा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये साधारण २४ तास ठेवा, पुन्हा वजन करा. १०० ग्रॅमचे ८० ग्रॅम झाले तर २० ग्रॅम पाणी गेलं. कोरड्या मातीच्या प्रमाणात ते २५ टक्के. (ओल्या मातीच्या प्रमाणात तेच २० टक्के होतात. ‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न इथेही सुटत नाही बघा.) असे दहा-बारा नमुने वेगवेगळ्या ओलाव्याचे घेऊन सेन्सरच्या आकड्यांसमोर मांडले की तुमच्या हातात त्या मातीपुरता एक आलेख येतो. तो वाकडातिकडा येईल. येऊ दे. तो आलेख असलेला प्रोजेक्ट आणि नसलेला प्रोजेक्ट यांत सामान तेच असतं. पण पहिल्याच्या भरवशावर कुणी आपलं पीक ठेवायचं की नाही याचा विचार तरी करता येतो.

चांगला नमुना कसा दिसतो

छंदातून हे जमतच नाही असं नाही. केन शिरीफ यांनी २०१२ मध्ये डझनभर यूएसबी चार्जर आपल्या टेबलावर तपासले, ते लेखन मिळालं तर जरूर वाचा. विषय रोजचा: कोणता चार्जर चांगला? त्यांनी चार्जरवर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येकाला एकाच पद्धतीनं लोड वाढवत नेला आणि व्होल्टेज कुठपर्यंत टिकतं याचा आलेख काढला. आउटपुटमध्ये किती गोंगाट आहे ते ऑसिलोस्कोपवर पाहिलं. काही न जोडता चार्जर किती वीज खातो तेही मोजलं. बनावट चार्जर बाहेरून अस्सलसारखे दिसत होते, आलेखांत मात्र लगेच उघडे पडले.

यात वेगळं काय आहे? उपकरणं चांगली होती हे खरं, पण मुद्दा तुलनेचा आहे. एकच चार्जर घेऊन ‘माझा फोन चार्ज झाला’ एवढं लिहिलं असतं तर तो नेहमीचा लेख झाला असता. बारा चार्जर, सगळ्यांना एकच कसोटी, आणि निकाल सगळ्यांचे, वाईटसुद्धा. नेहमीच्या प्रोजेक्ट-लेखात फसलेले प्रयत्न गाळलेले असतात. चौथ्या वेळी चाललं, तर चौथ्या वेळचा व्हिडिओ टाकतात. वाचणाऱ्याला वाटतं, असं केलं की चालतंच. पहिल्या तीन वेळा का चाललं नाही, ही लेखातली सगळ्यात मोलाची माहिती असते आणि तीच फेकून दिलेली असते.

श्रेय

एक शेवटचा मुद्दा, जो या जगात हलक्यानं घेतला जातो. कोड कुठून घेतला? ‘इंटरनेटवरून’ हे उत्तर नाही.

खुद्द आर्डुइनोची गोष्ट बघा. इटलीत इव्हरिया इथल्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत हर्नांदो बारागान या विद्यार्थ्यानं २००३ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाच्या प्लॅटफॉर्मचं काम सुरू केलं. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या कलाकारांना मायक्रोकंट्रोलर वापरता यावा हा हेतू. त्याआधी केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं होतं, त्याचा आधार वायरिंगला होता. आर्डुइनो आलं २००५ मध्ये, वायरिंगच्या पायावर. तुम्ही रोज लिहिता ते पिनमोड आणि डिजिटलराइट त्या घराण्यातले. आर्डुइनोच्या मूळ कोडमध्ये ‘वायरिंग’ या नावाची फाइल आजही आहे. तरी जगाला नाव माहीत झालं ते आर्डुइनोचं. २०१६ मध्ये बारागान यांनी ही हकीगत स्वतःच्या बाजूनं सविस्तर लिहिली.

म्हणजे जगभर पसरलेल्या या छंदाच्या मुळाशी एका विद्यार्थ्याचा प्रबंध आहे, आणि ते वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचं नाव ठाऊक नाही. तुम्हीही उद्या प्रबंधच लिहिणार आहात. म्हणून कोडच्या वर तीन ओळी लिहायची सवय आत्ताच लावा: मूळ कुणाचं, लायब्ररीची आवृत्ती कोणती, मी काय बदललं.

मग आता काय करायचं?

नवा प्रोजेक्ट घेऊ नका. जुन्यांतला एक काढा आणि त्याला हे पाच प्रश्न विचारा.

१. मी नेमकं काय मोजलं, आणि त्याला नाव काय दिलं? दोन्ही एकच आहेत का?

२. कोडमध्ये कोणते आकडे आयते आले आहेत? प्रत्येकाशेजारी लिहा: हा कुठून आला, कोणत्या परिस्थितीत खरा आहे. सुरुवात ‘५.०’ पासून करा. यूएसबीवर चालणाऱ्या आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनला मल्टिमीटर लावा. तिथे ४.७ भरले, तर एलएम३५ सेन्सर ३० अंशांना कोडमधून ३२ च्या आसपास दिसेल. सेन्सर निर्दोष, कोडमधलं गृहीतक चुकीचं.

३. दुसऱ्या कोणत्या मार्गानं हेच मोजता येईल? मोजपट्टी, वजनकाटा, थर्मामीटर, काहीही चालेल.

४. किती वेळा मोजलं? तीच गोष्ट वीस वेळा मोजल्यावर आकडे किती इकडेतिकडे होतात?

५. कधी चाललं नाही?

उत्तरं दोन पानांत लिहा. लिहिताना प्रोजेक्ट आधीपेक्षा लहान वाटायला लागेल. ‘अचूक’ हा शब्द जाईल, ‘स्मार्ट’ जाईल, दशांशानंतरचा एक आकडा जाईल. त्या जागी ‘२० ते ३५ अंशांत, मोजपट्टीच्या तुलनेत, दोन सेंटीमीटरच्या आत’ असं काहीतरी येईल. हे वाक्य दिसायला साधं आहे, पण समोरच्या तज्ज्ञानं ‘कशावरून?’ असं विचारलं तर त्याचं उत्तर तुमच्या वहीत असेल. मुलाखतीला जाताना त्या चमकणाऱ्या व्हिडिओऐवजी ही दोन पानं घेऊन जा.